वंशावळ मागणाऱ्याचे देणे

कुळाचा इतिहास जमवणे, जुनी कागदपत्रे वाचणे आणि पिढ्या लावून ठेवणे हे काम पदरमोड करून करणाऱ्या स्वयंसेवकाने त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक विचारणेला उत्तर दिलेच पाहिजे, ते लवकर दिले पाहिजे आणि त्याच्या मोबदल्यात काहीही मागता कामा नये, ही समजूत मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी शंका घेणाराच कोत्या मनाचा ठरतो. तिच्या समर्थकांचे म्हणणे थोडक्यात असे की, कुळाचे कागद कुळाचे असतात, सांभाळणारा केवळ राखणदार असतो आणि राखणदाराने मालकाला दार बंद करणे हा अधिकाराचा गैरवापर होय. शिवाय ज्याने हे काम स्वखुशीने पत्करले त्याने वेळेचा हिशेब मांडणे सेवेला शोभत नाही. हे म्हणणे ऐकायला उदार वाटते आणि ते मांडणाऱ्यांचा हेतूही बहुधा चांगला असतो. तरीही ते चुकीचे आहे, कारण राखणदाराचे पहिले उत्तरदायित्व विचारणाऱ्याशी नसून नोंदीच्या खरेपणाशी असते, आणि विचारणांचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की सर्वांत आधी बळी जातो तो या खरेपणाचाच.

हा प्रश्न इंदूरसारख्या शहरात अधिक तीव्रतेने उभा राहतो, आणि त्याला इतिहास कारण आहे. नीरेकाठच्या होळ गावावरून आडनाव घेतलेले मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) माळव्यात स्थिरावले तेव्हा त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य अशी अनेक घराणी दख्खनेतून उत्तरेकडे आली. इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आल्यावर त्यांतली बरीच या शहरात एकवटली. पुढे संस्थानी नोकऱ्या, शाळा, रेल्वे आणि कापडगिरण्या यांच्या निमित्ताने आणखी भर पडत गेली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश राज्य झाले आणि या घराण्यांचा मूळ गावाशी असलेला कागदोपत्री संबंध हळूहळू सुटत गेला. मूळ गाव कोणते, कुलस्वामिनी कोणती, गोत्र कोणते, कोणत्या भावाची शाखा इकडे आली आणि कोणती तिकडेच राहिली, हे प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत लग्नकार्याच्या वेळी हमखास निघतात, आणि ज्याच्याकडे कुळाचे दप्तर आहे असे कळते त्याच्याकडे सगळे वळतात. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयाच्या शेजारची, विद्यापीठाच्या खंडवा रोडवरील परिसरालगतची भंवरकुआंची वस्ती घेतली तर तिथे आज शिकवणी वर्ग आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या यांची दाटी आहे. अशा वस्तीत एखादा निवृत्त गृहस्थ किंवा एखादी शिक्षिका कुलमंडळाचे, म्हणजे एका कुळातील घराण्यांनी एकत्र येऊन चालवलेल्या संस्थेचे, दप्तर घरातल्या कपाटात सांभाळत असेल, तर त्या व्यक्तीच्या हाताशी कार्यालय नसते, कारकून नसतो आणि ठरलेली वेळही नसते.

विचारणा करणाऱ्याला आपला प्रश्न लहान वाटतो. ‘आमचे पणजोबा होळकर दरबारात होते, नाव गोविंदराव, माहिती पाठवावी’ एवढाच मजकूर असतो, आणि एवढ्याला उत्तर द्यायला असा किती वेळ लागणार, असे त्याला मनापासून वाटते. या एका ओळीमागे काय काम असते ते नीट पाहिल्याशिवाय या वादाचा निर्णय लागणार नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील मराठी कागद मोडी लिपीत असतात. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची रीत आहे. शब्द सुटे केलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असते, त्यामुळे एका हाताचे अक्षर लागले म्हणून दुसऱ्या हाताचे लागेलच असे नाही. नाव वाचले तरी काळ ठरवावा लागतो. कागदावर ‘खमस सितैन मया व अलफ’ असे वर्ष लिहिलेले असेल तर ते शुहूर सनाचे वर्ष असते. हा सन अरबी संख्यांनी लिहितात आणि तो सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी बदलतो. पाच, साठ, शंभर आणि हजार मिळवून अकराशे पासष्ट होतात, त्यांत पाचशे नव्व्याण्णव मिळवले की इसवी सन १७६४–६५ येते. पण तारखेपुढे ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्र महिन्याचा दिवस दिलेला असतो, आणि तो महिना रबिलावल की रबिलाखर हे घाईने लिहिलेल्या अक्षरातून उलगडले नाही तर जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या कोष्टकात, चुकीच्या ठिकाणी बोट पडते. माळव्यात याशिवाय विक्रम संवत चालतो, आणि फसली सन उत्तरेत व दख्खनेत एकाच आकड्याचा नसतो.

मग गावाचा प्रश्न येतो. जुन्या मराठी कागदात ‘इंदूर’ असे दिसले की माळव्यातल्या माणसाचे मन लगेच आपल्या शहराकडे धावते. पण तेलंगणातील निजामाबादचे जुने नावही इंदूरच होते, आणि निजामाच्या मुलखातल्या कागदात ते नाव आले तर एका घराण्याचे ठाणे शेकडो मैल सरकते. नावे आजही बदलत असतात: भंवरकुआं चौकाला आता तंट्या भिल्लाचे नाव दिलेले आहे, आणि आणखी दोन पिढ्यांनी एखाद्या पत्रावरचा जुना पत्ता शोधणाऱ्याला ही गोष्ट कुणीतरी लिहून ठेवलेली असेल तरच ते ठिकाण सापडेल. आडनावाचीही तीच गत आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार ही मुळात हुद्द्यांची नावे. तीन सख्ख्या भावांपैकी एकाला हुद्द्यावरून, दुसऱ्याला गावावरून आणि तिसऱ्याला जुने उपनाव चालू ठेवून ओळखले जाऊ लागले की दोन पिढ्यांत ती तीन कुळे दिसू लागतात. उलट, आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाच घरात दर दोन पिढ्यांनी तोच गोविंदराव पुन्हा उभा राहतो, आणि विचारणाऱ्याचा पणजोबा त्यांपैकी कोणता, हे केवळ नावावरून कुणीही सांगू शकत नाही.

ज्या घराण्याचा इतिहास छापील साधनांत मुबलक आहे त्या होळकर घराण्यातही हा गुंता आहे. पहिले मल्हारराव १७६६ मध्ये वारले. पहिल्या तुकोजीरावांचे पुत्र मल्हारराव १७९७ मध्ये पुण्यात मारले गेले. ज्यांच्या नावाने मंदसौरचा तह झाला ते मल्हारराव १८३३ मध्ये वारले. पुढे १८४४ मध्ये गादीवर आलेले दुसरे तुकोजीराव दत्तक होते, म्हणजे जन्माची वंशरेषा आणि वारशाची वंशरेषा इथे वेगळ्या पडतात, आणि ज्या तक्त्यात हा भेद दाखवलेला नाही तो तक्ता रक्ताचे नाते सांगतो की गादीचे, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. राजघराण्याची ही स्थिती असेल तर ज्या घरात चार सनदा, दोन खरेदीखते आणि एक फाटकी जन्मपत्रिका एवढाच पुरावा उरला आहे, तिथे एका गोविंदरावाची पिढी ठरवायला काही संध्याकाळी जाव्या लागतात, आणि पुष्कळदा त्या गेल्यावरही उत्तर ‘ठरवता येत नाही’ असेच येते.

आता अशा विचारणा महिन्याला दोन आल्या तर काम होते, वीस आल्या तर काय होते याचा विचार समजुतीच्या समर्थकांनी करावा. वीस जणांना उत्तर देण्याची सक्ती अंगावर घेतलेला माणूस जंत्री उघडायचे सोडतो, दुसरा कागद ताडून पाहायचे सोडतो, ‘असावा’ या शब्दाच्या जागी ‘होता’ लिहितो, आणि जवळपास जुळणारा गोविंदराव उचलून वंशवृक्षाच्या फांदीला बांधून देतो. हे अप्रामाणिकपणाने घडत नाही. थकव्याने आणि भिडेने घडते, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. चुकलेला तक्ता मग कुळाच्या स्मरणिकेत छापला जातो, तिथून तो दुसऱ्या शाखेच्या वहीत उतरतो, आणि पाचसहा ठिकाणी एकच गोष्ट आढळल्यामुळे पुढचा अभ्यासक तिला पुराव्याचा दर्जा देतो, वास्तविक त्या सगळ्यांचा उगम एका दमलेल्या संध्याकाळी लिहिलेल्या एका ओळीत असतो. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा विचारू शकतो, दुसरीकडे शोधू शकतो. चुकीचे उत्तर मिळालेला माणूस शोधणे थांबवतो. दोन्हींतला अन्याय मोजायचा तर दुसरा कितीतरी मोठा आहे. वंशावळ ही मागणीच्या दाबाखाली वाकते हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिलेले आहे: १८५२ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी झाली तेव्हा घराण्यांना आपापल्या कैफियती, म्हणजे हक्काचा पूर्ववृत्तांत सांगणारी निवेदने, दाखल कराव्या लागल्या, आणि हक्क टिकवण्यासाठी लिहिलेल्या मजकुरातील पिढ्या इतर कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत, हा सावधपणा अभ्यासकाला तेव्हापासून बाळगावाच लागतो.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा नीट पाहिलेली नाही असे म्हणावे लागते. मराठी समाजातील वंशनोंदींची सर्वांत जुनी आणि सर्वांत टिकाऊ व्यवस्था कुलमंडळांची नसून तीर्थोपाध्यायांची आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, प्रयाग, गया आणि इंदूरला जवळचे म्हणजे उज्जैन, अशा क्षेत्रांत उपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळी असतात. नामावळी म्हणजे यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या नोंदींच्या वह्या, आणि त्या गावानुसार, आडनावानुसार, जातीनुसार लावलेल्या असतात. या व्यवस्थेत विचारणा कशी होते? यजमान स्वतः चालून येतो. उपाध्ये आधी त्यालाच विचारतात: मूळ गाव कोणते, आडनाव काय, आजोबांचे नाव काय, पूर्वी घरातले कोण येऊन गेले. एवढे सांगता आले की वही उघडते, आणि पूर्वजाच्या हातची सही समोर येते. पण प्रसंग तिथे संपत नाही. आलेल्या माणसाने मागच्या नोंदीनंतर घरात कोण जन्मले, कोण वारले, कोणाचे लग्न कुठे झाले हे सांगायचे, ते वहीत चढवायचे, खाली आपली सही करायची आणि दक्षिणा द्यायची. म्हणजे घेणाऱ्याने दिल्याशिवाय उठायचे नाही, अशी ही रीत आहे, आणि त्या वह्या शतकानुशतके वाढत राहिल्या त्या याच रीतीमुळे. अमेरिकेतील युटा राज्यातल्या वंशशास्त्र संस्थेने भारतातील तीर्थक्षेत्रांच्या या वह्यांचे सूक्ष्मपट घेतले, कारण पिढ्यान्‌पिढ्या अशा सलग चालू राहिलेल्या नोंदी जगात फार ठिकाणी मिळत नाहीत. आजचा विचारणारा मात्र नावही पुरते न सांगता सगळे मागतो, मिळाल्यावर पोचही देत नाही, आणि त्याच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत झालेली जन्ममृत्यूंची भर दप्तरात कधीच येत नाही. परंपरा मोडली असेल तर ती इथे मोडली आहे.

दुसरा दाखला इतिहासाचार्य राजवाडे यांचा दिला जातो: त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी गावोगाव हिंडून कागद जमवले, तर आजच्या स्वयंसेवकाने एक पत्र लिहायला का कुरकुरावे? राजवाड्यांविषयी आदर बाळगणाऱ्यानेच हा दाखला नाकारला पाहिजे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. त्यांची धडपड मूळ साधने छापून सर्वांपुढे ठेवण्याची होती, म्हणजे वाचणाऱ्याने ती स्वतः वाचावीत. घरोघरच्या पणजोबांची माहिती मागणीप्रमाणे पुरवण्याचे काम त्यांच्या गळ्यात बांधले असते तर बावीस खंड निघाले नसते. पुणे येथील पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अल्पावधीत काढले, पण त्यामागे सरकारी आश्रय आणि सहायकांचा ताफा होता. या दोन्ही उदाहरणांतून निघते ते एवढेच की, दप्तर लोकांच्या उपयोगी पडायचे तर त्याची सूची आणि लिप्यंतर, म्हणजे मोडीचे बाळबोधीत रूपांतर, व्हायला हवे, आणि सुट्या विचारणा ज्याची प्रत्येक संध्याकाळ खातात त्याच्याकडून ही सूची कधीही होत नाही.

मग सगळे कागद चित्ररूपाने संगणकावर चढवून मोकळे व्हावे, असे काही जण सुचवतात. कागदाची छायाचित्रे घेणे चांगलेच आहे. कसर आणि दमट हवा यांच्यापासून निदान मजकूर वाचतो. पण ज्याला मोडी येत नाही त्याच्या हातात मोडीचे छायाचित्र दिल्याने त्याचा पणजोबा सापडत नाही, तो ते छायाचित्रच ‘एवढे वाचून द्या’ म्हणून परत पाठवतो आणि भार होता तिथेच राहतो. शिवाय कुळाच्या दप्तरात केवळ मृतांच्या नोंदी नसतात. माहितीपत्रकांत, म्हणजे कुलवृत्तांतासाठी घरोघरी भरून घेतलेल्या तक्त्यांत, जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, विवाह आणि विभक्ती यांची माहिती असते, ती विश्वासाने दिलेली असते, आणि वाटणीच्या भांडणात किंवा सोयरिकीच्या चौकशीत तिचा वापर व्हावा म्हणून दिलेली नसते. अशी माहिती संबंधिताच्या संमतीविना तिसऱ्याला न देणे हे राखणदाराचे कर्तव्यच आहे.

समर्थकांचा एकच आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि त्याला डावलून हा प्रतिवाद पुरा होणार नाही. तो असा की, मर्यादा घातल्या की ज्याच्याकडे कागद नाहीत, ओळखी नाहीत, लिहिण्याची सवय नाही, तोच आधी बाहेर राहतो. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी विशिष्ट तारखांच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज किती मोठी आणि त्यांची संख्या किती अपुरी हे सगळ्या राज्याला दिसले. एखाद्या मुलीचा प्रवेश आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अडला असेल तर तिची विचारणा आणि हौसेने सोळावी पिढी शोधणाऱ्याची विचारणा एका मापाने मोजता येत नाही. हे पूर्णपणे मान्य आहे. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. नियम नसतात तेव्हा पुढे सरकतो तो वारंवार फोन करणारा, ओळख सांगणारा, प्रतिष्ठित. गरजवंत एकदा लिहितो आणि गप्प बसतो. त्याला आधी घ्यायचे तर कोणाला नंतर घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार राखणदाराला असावा लागतो, आणि तो अधिकार म्हणजेच मर्यादा. स्त्रियांच्या शाखांबाबत तर हे अधिकच खरे आहे. जुन्या वंशावळींतून मुलींची नावे गाळलेली असत किंवा ‘कन्या दोन’ एवढ्यावर भागवलेले असे. लग्नानंतर आडनाव बदले आणि कित्येक घरांत नावही बदले, त्यामुळे आजीच्या माहेरचा शोध हा सर्वांत कठीण आणि सर्वांत उपेक्षित शोध आहे. त्याला निवांतपणा लागतो, आणि तो निवांतपणा राखून ठेवल्याशिवाय मिळत नाही.

तेव्हा स्वयंसेवकाने काय करावे हे आता स्पष्ट आहे. त्याने एका वेळी एकच प्रश्न घ्यावा. विचारणाऱ्याने आपल्या बाजूच्या तीन पिढ्यांची नावे, गाव आणि हाती असलेल्या एखाद्या कागदाची प्रत दिल्यावाचून दप्तर उघडू नये. नक्कल आणि टपाल यांचा खर्च निःसंकोचपणे मागावा. उत्तराला काही महिने लागतील हे आधीच सांगावे. आणि नोंद मिळाली नाही तर कोणकोणते कागद पाहिले हे लिहून ‘मिळाली नाही’ असेच कळवावे, कारण तेही संशोधनाचे फळ आहे आणि पुढच्याचे श्रम त्याने वाचतात. जो वारंवार विचारतो त्याला मोडी शिकायला सांगावे. मुळाक्षरे ओळखायला काही आठवडे पुरतात, सरळ वळणाचे पत्र वाचायला काही महिने लागतात, आणि ज्या भंवरकुआंत हजारो तरुण एका परीक्षेसाठी वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करतात तिथे एवढा अभ्यास अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. नकार देताना आवाज चढवण्याचे कारण नाही, पण ओशाळण्याचेही नाही.

आणि विचारणाऱ्याने पत्र लिहायला बसण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर स्त्रीजवळ बसावे, तिच्या माहेरचे नाव, माहेरचे गाव, सासूचे आणि आजेसासूचे नाव विचारून घ्यावे, ते तारखेसह कागदावर लिहावे, जुन्या फोटोंत कोण कोण आहे ते तिच्याच तोंडून ऐकून फोटोंच्या मागे पेन्सिलीने नोंदवावे, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या प्रश्नाबरोबर पाठवावी. दप्तरात ही माहिती कुठेही नाही आणि ती देऊ शकणारे माणूस अजून घरात आहे.